एका मॉड्यूलमध्ये अनेक कंट्रोल : लष्करी अळीविषयक सल्ल्याची संकेतस्थळावरील मांडणी

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात आढळली. बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने जुलै २०१८ मध्ये तिच्याविषयी इशारा प्रसृत केला. त्याच वर्षी ही कीड महाराष्ट्रातही पोहोचली. तिच्या व्यवस्थापनात कामगंध सापळे, ट्रायकोकार्ड, निंबोळी अर्क, जैविक कीटकनाशके, विषारी आमिष आणि रासायनिक फवारणी असे अनेक उपाय आहेत. मात्र प्रत्येक उपायाची वेळ वेगळी असते. हे सर्व उपाय संकेतस्थळावर एकाच यादीत दिल्यास वाचणारा शेतकरी बहुधा शेवटचा, म्हणजे रासायनिक उपाय उचलतो. शेतात सोडलेले परोपजीवी कीटक त्या फवारणीने मरतात आणि आधीचा खर्च वाया जातो. म्हणून पानाची मांडणी हाही पीक संरक्षणाचाच भाग मानावा लागतो.

मॉड्यूल व कंट्रोल म्हणजे काय?

डॉटनेटन्यूकसारख्या आशय-व्यवस्थापन प्रणालीत पान अनेक मॉड्यूलांचे बनलेले असते. मॉड्यूल हा स्वतंत्र कप्पा, तर कंट्रोल हा त्या कप्प्यातील एक काम करणारा भाग. प्रत्येक कंट्रोलला ‘की’ म्हणजे ओळखशब्द असतो. ज्याची की रिकामी असते, तो कंट्रोल पान उघडताच दिसतो. संपादनाचा कंट्रोल मागणी केल्यावर उघडतो आणि त्या वेळी पानावरील इतर मॉड्यूल झाकले जातात. म्हणून नोंदी दुरुस्त करण्यास ही रीत योग्य असली, तरी शेतकऱ्याला सल्ला दाखवण्यास ती सोयीची नाही.

दोन मार्ग

पहिल्या मार्गात एकाच मॉड्यूलमध्ये अनेक व्याख्या नोंदवतात. मॉड्यूल पानावर ठेवताच त्या व्याख्यांचे सर्व कंट्रोल एकदम दिसतात. सापळ्यांतील पतंगांची नोंद व सर्वेक्षणाचा अर्ज शेजारी हवे असतील, तर हा मार्ग योग्य आहे.

दुसऱ्या मार्गात एकच मुख्य कंट्रोल असतो. त्यात प्लेसहोल्डर नावाची रिकामी जागा ठेवतात आणि निवडीनुसार तिथे एकच उपकंट्रोल लोड करतात. उपायांच्या सल्ल्यासाठी हाच मार्ग स्वीकारावा. मुख्य कंट्रोलने पिकाची अवस्था व प्रादुर्भावाची टक्केवारी विचारावी आणि त्यानुसार पुढील उपकंट्रोल आणावा :

१. रोपावस्था ते सुरुवातीचा पोंगा : ५ टक्के झाडे प्रादुर्भावग्रस्त असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क किंवा १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिन ५ मिली प्रति लिटर पाणी.

२. मध्यम ते उशिराचा पोंगा : मध्यम अवस्थेत १० टक्के, तर उशिराच्या अवस्थेत २० टक्के पोंग्यांत ताजे नुकसान असल्यासच शिफारशीत कीटकनाशक. मोठ्या अळ्यांसाठी विषारी आमिष.

३. तुरा व त्यानंतर : रासायनिक फवारणी टाळावी. अळ्या हाताने वेचाव्यात आणि जैविक कीटकनाशके वापरावीत. १० टक्के कणसांचे नुकसान असल्यास उपाय टाळू नये.

ट्रायकोग्रामा प्रिटिओसम एकरी ५०,००० या प्रमाणात दर आठवड्याला किंवा प्रति सापळा ३ पतंग आढळल्यावर सोडतात. हा उपाय सापळ्यांच्या नोंदीला जोडावा. परोपजीवी सोडल्याची तारीख नोंदलेली असल्यास रासायनिक सल्ल्याच्या वर ठळक सूचना दिसावी.

बांधणी करताना दक्षता

१. बटण दाबल्यावर पान सर्व्हरकडे जाऊन परत येते. याला पोस्टबॅक म्हणतात. लोड केलेला उपकंट्रोल प्रणाली आपोआप लक्षात ठेवत नाही. तो प्रत्येक पोस्टबॅकला त्याच ओळखनामाने पुन्हा लोड करावा लागतो. तसे न केल्यास भरलेली माहिती नाहीशी होते आणि बटण निरुपयोगी ठरते. पंचवीस झाडांची नोंद अशी पुसली गेली, तर शेतकरी ती पुन्हा भरत बसणार नाही.

२. निवड पानाच्या पत्त्यात ठेवावी. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्याला नेमका सल्ला व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. मात्र जुना दुवा पंधरा दिवसांनी उघडला, तर पीक पुढच्या अवस्थेत गेलेले असते. म्हणून पत्त्यात अवस्थेऐवजी उगवणीची तारीख ठेवावी, पिकाचे वय पानाने मोजावे आणि टक्केवारीसोबत सर्वेक्षणाची तारीख दाखवावी. सर्वेक्षण जुने असल्यास सल्ल्याऐवजी ‘पुन्हा सर्वेक्षण करा’ असा उपकंट्रोल यावा.

३. पाहण्याचा अधिकार सर्वांना, नोंदीचा अधिकार कार्यकर्त्याला आणि मात्रा बदलण्याचा अधिकार केवळ विषयतज्ज्ञाला द्यावा. कीटकनाशकांची नावे व मात्रा मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये ठेवाव्यात, म्हणजे लेबल बदलल्यावर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागेल.

संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी दोन-तीन शेतकऱ्यांच्या हाती मोबाइल देऊन पान वापरून पाहावे. चार टक्के नुकसान भरल्यावर पानाने फवारणी सुचवली, तर बांधणी चुकली असे समजावे. ‘सध्या फवारणीची गरज नाही’ हाही सल्लाच आहे आणि त्यासाठीही एक स्वतंत्र उपकंट्रोल असावा.