बारा अधिक पंधरा, बाराशे पंधरा!

नामपूरच्या कांदा मार्केटात एका ट्रॉलीत १२ आणि दुसरीत १५ क्विंटल माल असेल, तर २७ हे उत्तर शाळकरी पोरही तोंडी देतं. तीच बेरीज अकरावीतल्या मुलीनं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आकडे कीबोर्डवरून घेत, करून पाहिली की स्क्रीनवर उमटतं १२१५. आणि घरात कुजबुज सुरू: हिला झेपेल ना हे? क्लासची फी उगाच तर नाही भरली?

मुलीचं डोकं ठीक आहे. तिचं पुस्तक जुनं आहे, पायथन २ च्या काळातलं.

पायथन २ मध्ये ‘इनपुट’ ही आज्ञा टाइप केलेला मजकूर थेट सोडवून टाकायची. १२ लिहिलं की आकडाच हाती यायचा. सोयीचं वाटतं, पण खोड मोठी होती. गावाचं नाव विचारल्यावर अवतरणचिन्हं न देता इंग्रजी अक्षरांत नुसतं नामपूर लिहिलं, की ‘नेमएरर’ ही चूक यायची. आकड्याऐवजी कुणी फाइल पुसायची आज्ञा टाइप केली, तर तीही बिनबोभाट चालायची. म्हणून जाणती मंडळी तेव्हाही ‘रॉ इनपुट’च वापरत. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथन ३ नं नेमकं तेच उचललं, नाव मात्र ‘इनपुट’ ठेवलं. आता काहीही टाइप करा, ती अक्षरंच धरली जातात. १२ ला १५ चिकटले, झाले १२१५. बेरीज हवी तर दोन्ही आधी ‘इंट’मधून काढायचे; साडेबारा क्विंटल असतील तर ‘फ्लोट’मधून, कारण १२.५ पाहून ‘इंट’ अडून बसतं.

पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. जुनी पुस्तकं आणि झेरॉक्स नोट्स मात्र हातोहात फिरतातच. म्हणून फी भरण्याआधी पालकांनी क्लासमध्ये एवढंच विचारावं: कुठली आवृत्ती शिकवता? कंपन्यांतही जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत आणण्याचं काम असतं, आणि तिथे अशीच माणसं लागतात, जी चूक दाखवणारा संदेश पुसण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मार्कशीटवर हा गुण दिसत नाही. घरी तो पाहायचा असेल, तर १२१५ का आले एवढं मुलीकडून समजून घ्यावं.

आणि एक गंमत तिला करून पाहायला सांगावी. पायथन ३ मध्ये मराठी कीबोर्डवरून देवनागरी १२ टाइप करून ‘इंट’ला द्यायचे. ते त्याचे बिनतक्रार बारा करतं.