शेतमजूर : संख्या, मजुरी आणि आपण

आपला देश कृषिप्रधान आहे हे वाक्य आपण शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून पाठ करीत आलो. कृषी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेतकरी उभा राहतो. परंतु ज्या हातांनी निंदण होते, कापूस वेचला जातो, सोयाबीन कापले जाते, ते सर्वच हात शेतमालकाचे नसतात. फार मोठ्या संख्येने ते शेतमजुराचे असतात. या मजुराची संख्या किती, तो कोण आहे, त्याला काय मिळते आणि तेवढेच का मिळते, याचा साध्या भाषेत विचार करावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला. २०१७ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर केली. त्या दिवसांत आमच्या शाखेत रोज याद्या पाहण्यासाठी गर्दी होत असे. एके दिवशी साठीच्या घरातील एक बाई खिडकीशी आल्या. हातात जनधन खात्याचे पासबुक होते. म्हणाल्या, "भाऊ, आमचं काही माफ झालं का जी?" मी विचारले, "मावशी, शेत किती आहे तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या, "शेत कुठलं भाऊ? चाळीस वर्ष झाले, लोकाच्या वावरात निंदते." मी त्यांना समजावून सांगितले की ही योजना पीककर्जाची आहे आणि पीककर्जाला सातबारा लागतो. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. नियमाप्रमाणे माझे उत्तर बरोबर होते. तरीही ते उत्तर देताना मला माझी आई आठवली, कारण तिच्याही नावावर कधी सातबारा नव्हता.

शेतमजूर कोणाला म्हणावे?

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी व्यक्ती दुसऱ्याच्या जमिनीवर रोख रकमेत, धान्याच्या रूपात किंवा पिकाच्या वाट्यावर मजुरीने काम करते ती शेतमजूर होय. शेतीतील नफा-तोट्याची जोखीम तिच्यावर नसते व जमिनीवर तिचा कोणताही हक्क नसतो. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ काम मिळाले तर मुख्य कामगार आणि त्यापेक्षा कमी मिळाले तर सीमांतिक कामगार, अशीही विभागणी केली जाते.

प्रत्यक्षात गावात याचे अनेक प्रकार आढळतात. रोजंदारीने जाणारा मजूर सर्वांना माहीत आहे. आपल्या विदर्भात गुढीपाडव्याला ज्याचे साल सुरू होते तो सालदार हा वर्षाचा गडी. काही कामे उक्ती घेतली जातात, म्हणजे एवढे एकर कापून द्यायचे आणि एवढे पैसे घ्यायचे. कापसाची वेचणी किलोवर होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारे मजूर मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि टनावर हिशेब होतो. याशिवाय दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेला, पण तेवढ्यावर भागत नाही म्हणून मजुरीला जाणारा अल्पभूधारक वेगळाच.

संख्या काय सांगते?

१९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे ६.९९ कोटी शेतकरी आणि २.७३ कोटी शेतमजूर होते. म्हणजे १०० शेतकऱ्यांमागे ३९ मजूर. २०११ च्या जनगणनेत शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी, म्हणजे १०० शेतकऱ्यांमागे १२१ मजूर. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा अधिक भरली ती याच वेळी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शेतकरी सुमारे ८५ लाखांनी घटले आणि मजूर पावणेचार कोटींनी वाढले. त्यानंतरची जनगणना लांबल्यामुळे आजही आपल्याला याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही २०११ साली सुमारे १ कोटी २६ लाख शेतकरी आणि १ कोटी ३५ लाख शेतमजूर होते. या मजुरांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. हे असे का झाले याचे एक उत्तर जमिनीच्या तुकड्यांत आहे. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली राज्यात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांचे दहा एकर नातवांच्या वाट्याला अडीच-तीन एकर येतात आणि नातू शेतकरी असूनही मजुरीला जातो.

आता आपल्या समाजाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींच्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ शेतमजूर होते. सर्व समाज मिळून हेच प्रमाण शंभरात ३० आहे. हा फरक योगायोगाने आलेला नाही, त्याला इतिहास आहे.

इतिहासाचे ओझे

गावगाड्यात महारांकडे वतन होते, परंतु त्या वतनापायी चोवीस तास सरकारची व गावाची कामे करावी लागत. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुते. काम किती व मजुरी किती याचा कोणताही ठराव नव्हता. म्हणूनच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ठरलेल्या कामाला ठरलेला दाम मिळावा, हा त्यामागील विचार होता. पुढे १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला.

याच्याही आधी, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. तो आपल्या शिकलेल्या मुलांनी अवश्य वाचावा. जमिनीचा तुकडा लहान हा खरा रोग नसून, शेतीत भांडवल कमी व माणसे गरजेपेक्षा अधिक हा खरा रोग आहे, असे त्यांनी मांडले. म्हणून जास्तीच्या माणसांना उद्योगधंद्यांत सामावून घेणे हाच शेतीवरही उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी निदान तेच आहे. केंद्र शासनाच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातील शंभरांपैकी ४२ ते ४३ कामकरी शेतीत होते, तर २०२३-२४ मध्ये ते ४६ झाले. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून परतलेले अनेक हात पुन्हा शेतीतच अडकले.

जमिनीचा प्रश्न कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हाती घेतला. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आज काही कुटुंबांकडे गायरानाचा जो तुकडा आहे, त्यामागे त्या पिढीचे कष्ट आहेत, हे विसरून चालणार नाही.

मजुरी किती आणि कशी?

रिझर्व्ह बँक दरवर्षी राज्यवार आकडेवारीचे पुस्तक काढते. त्यानुसार २०२२-२३ साली सर्वसाधारण पुरुष शेतमजुराची देशातील सरासरी रोजची मजुरी सुमारे ३४५ रुपये होती. केरळात ती ७६४ रुपये, तर मध्य प्रदेशात २२९ रुपये होती. प्रगत म्हणवणारा आपला महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्याही खाली होता.

एकाच देशात एवढा फरक का? केरळात १९७० पासून कुळकायद्याची कसून अंमलबजावणी झाली, १९७४ साली शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, मजुरांच्या संघटना बळकट राहिल्या, शिक्षण सर्वदूर पोहोचले आणि आखाती देशांत कामाची वाट मोकळी झाली. अर्थात तेथे शेतीतील कामाचे दिवस कमी झाले आहेत, हेही खरे. परंतु यातून धडा मिळतो तो असा की मजुरी ही केवळ कामावर ठरत नाही. मजुराला "नाही" म्हणता येते की नाही, यावर ती ठरते. ज्याच्यापुढे दुसरे काम आहे त्याला दर मागता येतो.

महाराष्ट्राने याचा एक अनुभव घेतला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मातीकामावर स्त्री-पुरुषांना एकच दर होता. हमीचे काम जेथे नीट चालले तेथे गावातील मालकांनाही मजुरी वाढवावी लागली. पुढे २००५ साली याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. २०२४-२५ साली महाराष्ट्रात त्याचा दर दिवसाला २९७ रुपये होता.

स्त्रीच्या मजुरीचा विषय वेगळा सांगितला पाहिजे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. आता त्याची व १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातही स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई आहे. परंतु गावात बाईचा रोज वेगळा व माणसाचा रोज वेगळा हे आजही उघडपणे चालते. बाईचे काम हलके, असे कारण दिले जाते. ज्याने भादव्याच्या उन्हात वाकून दिवसभर निंदले आहे, तो हे काम हलके म्हणणार नाही. त्यातच आता तणनाशकाची फवारणी वाढली. त्यामुळे बाईचे निंदणाचे दिवस गेले आणि पुरुषाच्या वाट्याला विषाचा पंप आला. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

आता एक हिशेब करून पाहू. पुरुषाला ३५० रुपये रोज व वर्षात १८० दिवस काम मिळाले असे धरू. ६३,००० रुपये झाले. स्त्रीला २०० रुपये रोज व १५० दिवस धरले तर ३०,००० रुपये. दोघांचे मिळून ९३,००० रुपये. घरात पाच माणसे असतील तर माणशी महिन्याला १,५५० रुपये, म्हणजे दिवसाला ५१ रुपये. यातच किराणा, औषध, वह्या-पुस्तके, लग्नकार्य सर्व आले. आजारपण आले की सावकार आला. रोज ३५० रुपये ऐकायला बरे वाटते. खरा प्रश्न वर्षातील रिकाम्या दिवसांचा आहे.

मोजणीत नसलेला माणूस

पीककर्ज, कर्जमाफी, २०१९ पासूनचे वर्षाला ६,००० रुपयांचे किसान सन्मान, हे सर्व जमिनीच्या कागदावर मिळते. अडचणीतल्या शेतकऱ्याला ते मिळावे याबद्दल दुमत नाही. तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरीही मजुरी वाढवून देण्याच्या स्थितीत नसतो, हे मी बँकेत रोज पाहतो. परंतु भूमिहीनाचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. मजुरांचा आकडा अधिक असून त्यावर कोणी बोलत नाही.

आपण काय करू शकतो?

शासनाने काय करावे ही यादी मोठी आहे. आपल्या हातात आज जे आहे तेवढेच येथे सांगतो.

१) कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. विकणारा मिळत नाही ही तिची मोठी अडचण. तरीही समाजकल्याण कार्यालयात अर्ज करून ठेवण्यास मदत करावी.

२) २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत प्रत्येक शेतमजुराचे, विशेषतः घरातील स्त्रीचे, नाव स्वतंत्र नोंदवावे.

३) जनधन खात्यावर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो. हप्ता मेअखेरीस कापला जातो. त्या दिवसांत मजुराचे खाते रिकामे असते आणि विमा बंद पडतो. वेचणीच्या हंगामातच तेवढी रक्कम खात्यात बाजूला ठेवावी. घरच्यांना विमा असल्याचे सांगून ठेवावे. कित्येक दावे केवळ माहिती नसल्याने होत नाहीत.

४) गावात बायांनी एकत्र बसून हंगामापूर्वी दर ठरवावा. एकटीने मागितलेला दर भीक ठरतो, दहा जणींनी मागितला तर तो व्यवहार होतो.

५) मुलींना दहावीनंतर घरी बसवू नये. मजुरी वाढविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पुढच्या पिढीला दुसरे काम करता येणे.

आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद नोकरदार आहेत. आपल्यापैकी बहुतेकांची आई किंवा आजी कोणाच्या तरी वावरात राबली, म्हणून आपण खुर्चीवर बसलो. माझी आई वेचणीच्या दिवसांत रात्री बोटांना तेल लावून बसत असे, बोंडाच्या काट्यांनी तिची बोटे फाटलेली असत. त्या पैशांतून माझी बी. ए. ची फी भरली गेली. तिला कोणत्याही यादीत नाव मिळाले नाही. निदान आपल्या गावातील शेतमजुरांची एक यादी आपल्या मंडळाने यंदा तयार करावी : नाव, वय, जमीन आहे की नाही, विमा आहे की नाही, मुले शाळेत आहेत की नाहीत. एका रविवारी चार तरुण बसले तर एक वस्ती पूर्ण होते. तो रविवार आपण ठरवू या.

जय भीम!