उगवणारा तो, राखण आपली

दापोली तालुक्यात आमच्या किनाऱ्याकडच्या गावांत परस नसलेलं घर सापडायचं नाही. परसात भाजी असलेलं घर मात्र आता शोधावं लागतं. घरोघरचे कर्ते आखातात, भाजीचा टेम्पो थेट दारात येतो, आणि दादी-नानीच्या हातचे मांडव एकेक करून मोडले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपली तेव्हा मी परसात पुन्हा मांडव घातला. आता नात्यातल्या लेकी-सुना विचारतात, कुठून सुरुवात करू? लागवडीचं शास्त्र सांगायला दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. वाफ्यात बसून दीन जसा समजत गेला, तेवढं मी सांगते.

१. बी टोचण्याआधी नियत करा

नमाजला आणि रोज्याला नियत लागते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. बी टोचतानाही ती करावी. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुसलमानाने झाड लावलं किंवा काही पेरलं, आणि त्यातलं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर ते त्याच्या नावावर सदका म्हणून जमा होतं, असा तिचा आशय. जिच्या हातात स्वतःचा पैसा कधी आला नाही, त्या बाईसाठी हे केवढं मोठं दार उघडलं आहे! मी बिस्मिल्ला म्हणून बी टाकते आणि मनात म्हणते, यातलं घरच्यांनी खावं, शेजाऱ्यांनी न्यावं, पाखरांनी टिपावं.

अशी नियत केली की लागवडही बदलते. आमच्या गडग्याला लागून एक काकडीचा वेल असतो. तो वाटेने जाणाऱ्यांचा. त्याची काकडी घरात येत नाही.

२. थोडंच लावा, पण मांडवासकट

सूरह अन्‌आमच्या १४१व्या आयतीत मांडवावर चढवलेल्या आणि न चढवलेल्या अशा दोन्ही बागांचा उल्लेख आहे. कोकणातल्या कुणालाही तो लगेच डोळ्यासमोर येईल. पहिल्या पावसाळ्यात तीनच भाज्या घ्या: मांडवावर पडवळ, जमिनीवर काकडी, वाफ्यात लाल माठ. आमची जमीन जांभ्याची. जिथे कातळ वर आलेला असतो तिथे माती आणून टाकावी लागते, आणि पावसात मुळं कुजू नयेत म्हणून वाफे उंच करावे लागतात. माठ महिन्याभरात ताटात येतो, त्यामुळे धीर राहतो. पडवळाला दम लागतो.

त्याच आयतीत पुढे तीन गोष्टी सांगितल्या आहेत. फळ आलं की खा, काढणीच्या दिवशी त्यातला हक्क देऊन टाका, उधळू नका. परसबागेची सारी शिस्त या तिन्हींत येते. त्यातल्या हक्काबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

३. उगवणं आपल्या हातात नाही

पडवळाचं बी जाड सालीचं. रात्रभर भिजत घालून लावलं तरी आठवडा-दहा दिवस मातीवर काही दिसत नाही. नवीन माणूस रोज उकरून बघतो. त्या दिवसांत सूरह वाकिआ वाचावी. तुम्ही पेरता ते उगवता कोण, तुम्ही की आम्ही, असा सवाल अल्लाह त्यात करतो. या सवालासमोर मातीचे हात घेऊन बसलं की मन निवतं. खणणं, पेरणं, पाणी देणं एवढं आपलं. कोंब त्याचा. जे आपण उगवलंच नाही त्यावर पूर्ण मालकी सांगता येत नाही, आणि माझ्या लेखी परसबागेचा खरा धडा हाच आहे.

४. तरीही हात चालू ठेवा

वेल फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त कानावर येते. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी अल्लाहची मर्जी म्हणून बसून राहतं. वेलभाज्यांत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलं फळ आधीच दिसतं. जोराच्या पावसात माश्या-पतंग फिरत नाहीत, पराग पोचत नाही, आणि ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावावा.

सही मुस्लिममध्ये खजुराच्या बागेचा प्रसंग आहे. मदिनेचे लोक नराचा पराग मादीला बांधत. हे केलं नाही तर काय होईल, असं पैगंबर (स.) बोलून गेले. लोकांनी ते सोडलं आणि पीक घटलं. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या दुनियेच्या कामातलं तुम्हाला अधिक कळतं. हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ज्या बाईने वर्षानुवर्षं वेल पाहिले, तिच्या जाणकारीचा मान आपल्या नबींनी राखला आहे. तवक्कुलचं नाव पुढे करून आळस करायला दीनमध्ये जागा नाही. विद्यापीठाने पडवळाची कोकण श्वेता, शिराळ्याची कोकण हरिता, कारल्याची कोकण तारा अशी वाणं काढली. ती घ्या, माहिती विचारा, शिका.

या फुलांच्या वेळाही बघण्यासारख्या आहेत. लाल भोपळा, कारलं, काकडी पहाटे ते सकाळी फुलतात. दुधी, शिराळं, पडवळ यांची पांढरी-पिवळी फुलं दिवस कलल्यावर उघडतात आणि रात्रीचे पतंग त्यांच्याकडे येतात. फजरची नमाज झाली की भोपळ्याकडे जायचं, मगरिबच्या सुमारास दुधीकडे. वेगळं वेळापत्रक करावं लागत नाही. दुधीवर माझा जीव आहे तो आणखी एका कारणाने. एका शिंप्याच्या घरी जेवताना पैगंबर (स.) ताटात दुधीच्या फोडी शोधून खात होते, ते पाहून हजरत अनस यांना तेव्हापासून दुधी आवडू लागला, असं हदीसमध्ये आहे.

५. वजूचं पाणी वेलाला

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे विहिरी तळाला जातात. या दिवसांत भाजी जगते ती वजूच्या पाण्यावर. पैगंबर (स.) एका मुदने वजू करत, असं बुखारीत आहे. मुद म्हणजे भरलेली ओंजळ, आजच्या मापात पाऊण लिटरच्या आतबाहेर. नळ सोडून वजू केली की त्याच्या किती पट जातं ते एकदा खाली बादली ठेवून पाहा. तोटीच्या लोट्याने दीड लिटरमध्ये छान वजू होते. घरात नमाजी चार असले तर पाच वेळांचं मिळून रोज तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या होतात. त्यावर एक मांडव आणि मिरचीची रांग तगते.

आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या मजहबात एकदा फर्ज वजूला वापरलेलं पाणी पाक असतं, फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. झाडाला घालायला काहीच अडचण नाही. मागील दारी वजूची जागा जरा उंच करा आणि पन्हळ आळ्याकडे काढा. हा खर्च एकदाच होतो.

६. खत नापाक, भाजी पाक

शाफई मजहबात शेण नापाक मानतात. खत म्हणून ते घालायला मात्र मनाई नाही, आणि त्यावर वाढलेली भाजी पाक. शेण लागलेलं पान धुतलं की झालं. म्हणून परसातले कपडे वेगळे, नमाजचे वेगळे, एवढी सवय लावून घ्या. माती ही केवढी रहमत आहे! शेण, मासळीचं धुवण, सुकटीचा चुरा, भाजीची देठं असं सगळं ती पोटात घेते आणि परत देते ते आपण बिस्मिल्ला म्हणून तोंडात घालतो. मिरचीला आणि कढीपत्त्याला मासळीचं धुवण चांगलं मानवतं. ते बुंध्यापासून हातभर दूर घाला आणि वर माती ओढा, म्हणजे मांजरं उकरत नाहीत.

७. वाटेकऱ्यांशी कसं वागायचं

पाखराने खाल्लं तर सदका, हे चिमणीच्या बाबतीत म्हणायला सोपं आहे. कोकणात वानरांची टोळी येते, काकड्या अर्ध्या खाऊन टाकते, पडवळ ओरबाडते, मांडवावर नाचून तो खाली आणते. रात्री रानडुक्कर सुरण उकरतं. सकाळी ते पाहून डोळ्यांत पाणी येतं. शेजारच्या काकी तर म्हणाल्या, "भाभी, लावायचं तरी कुणासाठी?"

माझं मत असं आहे: राखण पुरी करावी, आणि राखण करूनही जे गेलं ते सदक्यात धरावं. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण इथेही लागू आहे. जाळं लावा, कुंपण घाला. वाल, मिरची, अळू यांचं प्रमाण वाढवा. काकडीइतकी नासाडी त्यांची आमच्याकडे होत नाही. विष मात्र कुणालाही घालू नका.

शेजारच्या कोंबड्यांनी वाफा उकरला म्हणून वाडीत भांडणं होतात. यावरही फार जुना निवाडा आहे. हजरत बरा (रजि.) यांची उंटीण एका अन्सारीच्या बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. पैगंबरांनी (स.) ठरवून दिलं की दिवसा बागेची राखण बागवाल्याने करायची, रात्री जनावर सांभाळायचं जनावरवाल्याने. मी तो मानते. दिवसाउजेडी कोंबडी आत आली तर जबाबदारी माझ्या कुंपणाची, मग शेजारणीशी बोलण्यासारखं काही उरतच नाही.

किडीचंही तसंच. मुंगी चावली म्हणून एका पूर्वीच्या पैगंबरांनी मुंग्यांची अख्खी वस्ती जाळायला लावली, तेव्हा अल्लाहने त्यांना विचारणा केली, असं हदीसमध्ये आहे. शेंड्याला मावा आला म्हणून सगळ्या परसावर औषध फवारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मावा लागलेला शेंडा खुडून टाकावा किंवा साबणाच्या पाण्याने धुवावा. फळमाशीला कामगंध सापळा लावावा. तो त्या माशीच्या नरालाच बोलावतो आणि मधमाशीला धक्का लागत नाही.

८. काढणीच्या दिवशीच हक्क द्या

भाजीवर जकात आहे का, हे मला नेहमी विचारतात. पावसाच्या पाण्यावरच्या पिकाला दहावा हिस्सा आणि उपसून पाणी दिलेल्याला विसावा, हा नियम ठरलेला आहे. शाफई मजहबात तो भातासारख्या साठवून खाण्याच्या धान्याला लागतो, तेही ठरलेल्या मापापुढे. भाजीला लागत नाही. इमाम अबू हनीफा मात्र भाजीलाही लावतात. आपापल्या मजहबाप्रमाणे आलिमांना विचारून घ्या. परसातल्या चार पडवळांवर मी हिशेब करत बसत नाही. ज्या दिवशी खुडते त्याच दिवशी, चूल पेटायच्या आत, एक वाटा बाहेर पाठवते. उद्यावर ठेवला की तो आपल्याच कढईत जातो.

तो वाटा कुणाचा? आधी शेजाऱ्याचा, आणि त्यात धर्म बघू नये. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का याची. आमच्याकडे भाद्रपदात ऋषीपंचमीला कुणबीवाडीत ऋषीची भाजी होते. तिला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. परसात हाताने खणून लावलेलीच भाजी लागते. माझं अळू, पडवळ, भोपळा, भेंडी सगळं त्यात बसतं, म्हणून आदल्या दिवशी काकी टोपली घेऊन येतात. पडवळाचं मूळ बी त्यांनीच मला दिलेलं, राखेत घोळवून ठेवलेलं. त्यांच्या उपासाच्या भाजीत माझ्या वजूच्या पाण्यावर वाढलेलं अळू असतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

९. रमजान फिरतो, मृग फिरत नाही

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१६ साली रमजान आणि मृग एकाच सुमाराला लागले. रोज्यात वाफे करावे लागले. असं आलं की सहरीनंतर फजर आटोपून उजेड पडताच कामाला लागावं आणि ऊन चढण्याआधी थांबावं. पेरणी रोज्यासाठी पुढे ढकलू नका. नक्षत्र थांबत नाही.

१०. वादळानंतरही लावा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं आणि दापोली-मंडणगडची किनारपट्टी आडवी करून गेलं. माड, पोफळी, आंबे, फणस, पिढ्यांची झाडं एका दुपारीत पडली. घरांची छपरं गेली, वीज गेली, त्यात कोरोनाची टाळेबंदी. माणसं पडलेल्या माडाशेजारी नुसती बसून राहत.

कयामत येत असेल आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमलं तर ते लावून टाका, असं पैगंबरांनी (स.) सांगितल्याचं मुसनद अहमदमध्ये आहे. मृग चार दिवसांवर होता. माड फळायला वर्षं लागतात, भाजीला महिना-दीड महिना पुरतो. पडलेल्या पोफळींचेच खांब रोवून आम्ही बायकांनी मांडव उभे केले. ज्यांचं बी भिजून गेलं होतं त्यांना ज्यांच्याकडे उरलं होतं त्यांनी दिलं. श्रावणात वाडीतल्या बहुतेक घरी स्वतःची भाजी होती. पोफळी आणि माड त्यानंतर लावले. त्यांचं उत्पन्न आमच्यातल्या काही जणी बघणार नाहीत, तरी त्यांनी लावले.

येत्या मृगाआधी शेजारणीकडून पडवळाच्या चार बिया मागून घ्या. मुंब्र्यात, मीरा रोडला फ्लॅटमध्ये राहत असाल तर खिडकीतल्या डब्यात माठ किंवा मेथी पेरा आणि वजूचं पाणी बादलीत धरून तिला घाला. पहिली जुडी निघेल त्या दिवशी ती शेजारच्या दारी पोचवा, आणि दुसरी आपल्या घरात शिजवा.