नाईलकाठी राहायला गेलो तर

मुलांनो, आणि वाचायला थांबलेल्या पालकांनो,

इजिप्त म्हटले की आपल्याला पिरॅमिड आठवतो. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे चित्र असते आणि परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न हमखास येतो. पण त्या देशात आज दहा कोटींहून जास्त माणसे राहतात. ती काय खातात, कशी बोलतात, हे आपल्याला ठाऊक नसते. समजा, आपल्या गावातला एखादा माणूस नोकरीसाठी तिकडे राहायला निघाला. त्याला काय काय शिकावे लागेल? चला, आपणही मनाने त्याच्याबरोबर जाऊ.

१. प्रवास

मुंबईहून विमानाने निघाले की अरबी समुद्र आणि अरबस्तानचे वाळवंट ओलांडून सहा-साडेसहा तासांत कैरो शहर येते. उतरल्यावर पहिले काम म्हणजे घड्याळ मागे करायचे. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपल्या शाळेची अकराची घंटा होते तेव्हा तिथे सकाळचे साडेसातच वाजलेले असतात. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी. रविवारी मुले दप्तर घेऊन शाळेत निघतात, बरं का!

विमानाच्या खिडकीतून पाहिले तर सगळीकडे पिवळी वाळू दिसते आणि मधूनच एक हिरवी पट्टी जाते. ती नाईल नदी. देशातली बहुतेक माणसे याच पट्टीत आणि नदीच्या मुखाजवळच्या त्रिकोणी प्रदेशात राहतात. पाऊस अगदी कमी, म्हणून शेती सगळी नदीवर. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे देशाच्या दक्षिण भागाला 'वरचा इजिप्त' म्हणतात आणि उत्तर भागाला 'खालचा इजिप्त'. नकाशा बघून गोंधळू नका. वरचा म्हणजे जिकडून पाणी येते तो.

२. आकडे आणि शब्द

तिथली भाषा अरबी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. पण खरी गंमत आकड्यांची आहे. बसवर, दुकानात, घराच्या दारावर अरबी आकडे असतात. एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन आणि आठ म्हणजे खाली तोंड उघडलेला कोन. पाच मात्र आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसते एक टिंब. म्हणून दुकानात पन्नास लिहिलेले असले तर आपल्याला आधी शून्य आणि मग टिंब दिसते! नवा माणूस पैसे देताना हटकून घोटाळा करतो. दुकानदार फसवत नसतो, आपल्यालाच वाचता येत नसते. म्हणून पहिल्या दिवशी दहा आकडे पाठ करावेत.

या आकड्यांना अरब लोक काय म्हणतात माहीत आहे? 'हिंदी आकडे'. आकडे मांडण्याची ही रीत भारतातून अरबांकडे गेली आणि अरबांकडून युरोपात गेली. म्हणजे ते आपल्या आकड्यांचे चुलत भाऊच झाले.

शब्दांचेही तसेच. आपण साबण म्हणतो, ते 'साबून' म्हणतात. आपला हिशोब, त्यांचा 'हिसाब'. तारीख, वकील, दुनिया हे शब्दही मूळ अरबीच. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि घरचे होऊन बसले. कलम हा शब्दही त्यांचाच, पण कैरोतले लोक 'क' गिळतात आणि 'अलम' म्हणतात.

३. जेवण आणि रीतभात

इजिप्तमध्ये भाकरीला 'ऐश' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आहे जगणे. आपण 'ऐश करणे' म्हणतो तो हाच शब्द. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन आणि तिकडे ऐश म्हणजे रोजची भाकरी! ही भाकरी गव्हाची, गोल, भट्टीत भाजलेली आणि फुगलेली असते. सकाळी तिच्याबरोबर 'फूल' खातात. फूल म्हणजे फुले नव्हेत, तर रात्रभर मंद आचेवर शिजवलेला घेवड्याच्या जातीचा एक दाणा. दुपारी 'कोशरी' खातात. त्यात भात, मसूर, शेवया-मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोचे आंबट कालवण आणि वर तळलेला कांदा. शाकाहारी माणसाची त्यावर चांगली सोय होते. चहा बिनदुधाचा, भरपूर साखरेचा.

भेटल्यावर 'अस्सलामु अलैकुम' म्हणायचे. म्हणजे तुम्हांला शांती लाभो. उत्तरात 'व अलैकुम अस्सलाम' म्हणतात. आभार मानायचे तर 'शुक्रन'. मशिदीत जाताना पायांतल्या वहाणा बाहेर काढायच्या, आपल्या देवळासारख्याच. रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये. मग सूर्य मावळला की तीच माणसे वाटेवरच्या अनोळख्यालाही जेवायला बसवतात. तिथे कॉप्ट नावाचे ख्रिस्ती लोकही पुष्कळ आहेत. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो.

४. दगडांचे डोंगर कोणी रचले?

कैरोच्या कडेलाच गिझाचे पिरॅमिड आहेत. शहराची घरे त्यांच्या अगदी जवळ पोहोचली आहेत. सर्वांत मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. बांधला तेव्हा त्याची उंची १४६ मीटर होती. त्यात सुमारे तेवीस लाख दगड असावेत असा अंदाज आहे.

हे काम गुलामांकडून चाबकाने करून घेतले, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. पण १९९० साली पिरॅमिडजवळ कामगारांच्या कबरी सापडल्या. जवळच त्यांची वस्ती आणि भाकरी भाजायच्या जागाही मिळाल्या. ज्यांना राजाच्या पिरॅमिडजवळ मानाने पुरले, ते गुलाम नव्हते, कामकरी होते, असे आता अभ्यासक मानतात. राजाचे नाव साऱ्या जगाला ठाऊक झाले आणि दगड ओढणारी माणसे इतक्या वर्षांनी सापडली.

५. देऊळ हलले, गावेही हलली

आता कैरोहून दक्षिणेला जाऊ. रात्री आगगाडीत बसले की सुमारे नऊशे किलोमीटरवरचे आस्वान दुसऱ्या दिवशी येते. इथे नाईलवर मोठे धरण आहे. काम १९६० साली सुरू झाले आणि १९७० साली पुरे झाले. उंची १११ मीटर. मागचा जलाशय सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे. मुंबई-पुणे अंतराच्या तिपटीहूनही जास्त! त्याचे शेवटचे टोक शेजारच्या सुदान देशात आहे.

पाणी चढणार होते तिथे अबू सिंबेल नावाचे देऊळ होते. रामसेस दुसरा या राजाने ते तीन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरून घेतले. दारात राजाच्या वीस-वीस मीटर उंचीच्या चार बैठ्या मूर्ती आहेत. वर्षातून दोनच दिवस सकाळचे ऊन थेट गाभाऱ्यात पोहोचते. हे सगळे बुडणार होते.

१९६० साली युनेस्को या संस्थेने साऱ्या जगाला मदतीची हाक दिली. अनेक देश धावून आले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये त्या भागात उत्खननाला गेले होते. १९६४ ते १९६८ या काळात देवळाचे करवतीने हजाराहून जास्त तुकडे केले. काही तुकडे तीस टनांचे होते. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि सुमारे ६५ मीटर उंचावर देऊळ पुन्हा जसेच्या तसे जोडले. ऊन आजही गाभाऱ्यात येते, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास.

ही गोष्ट पुस्तकांत असते. पण पुढची गोष्ट ऐका. त्याच काठावर नुबियन लोकांची गावे होती. त्यांची भाषा अरबीहून वेगळी. त्यांची घरे मातीची, मोठ्या अंगणाची, भिंतींवर चित्रे काढलेली. नदीकाठी खजुराची झाडे. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या जवळजवळ पन्नास हजार नुबियन लोकांना घरे सोडावी लागली. निघण्याआधी लोक आपल्या माणसांच्या कबरींना भेटून आले. सुदानमध्येही साधारण तितक्याच लोकांवर ही पाळी आली.

त्यांना कोम ओंबो या गावाजवळ वसवले. घरे एका रांगेत, लहान, आणि नदी लांब. नव्या गावांना त्यांनी जुन्या गावांचीच नावे ठेवली. गाव पाण्याखाली गेले तरी नाव त्यांनी सोडले नाही. आपल्या जुन्या भागात परत वसण्याची मागणी नुबियन लोक करत आले आहेत. २०१४ सालच्या इजिप्तच्या राज्यघटनेतही त्याविषयी कलम घातलेले आहे.

धरण वाईट होते असे म्हणायचे नाही. त्याने वीज दिली, बारमाही पाणी दिले आणि दुष्काळात देश तगला. पण पाणी मिळाले ते सगळ्या देशाला आणि घर सोडले ते थोड्यांनी. आपल्याकडेही धरणग्रस्त हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उजनी धरणात पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाण्यात गेले. पाणी खूप ओसरले की ते वर दिसते. मग ज्यांचे गाव तिथे होते ती माणसे ते बघायला जातात.

तेव्हा नाईलकाठी कधी गेलात तर पिरॅमिड जरूर बघा. अबू सिंबेलही बघा. दगडावर नाव कोरू नका. आणि ज्याच्या गाडीतून जाल, ज्याच्या हातचा चहा प्याल, त्याला विचारा, "तुमचं गाव कुठलं?" तो नुबियन असला तर कदाचित दोन गावांची गोष्ट सांगेल.

सांगा पाहू

१. इजिप्तच्या दक्षिण भागाला 'वरचा' का म्हणतात?
२. 'ऐश' या शब्दाचे तिकडचे आणि इकडचे अर्थ सांगा.
३. पिरॅमिड बांधणाऱ्यांविषयी १९९० नंतर मत का बदलले?
४. नव्या गावाला जुने नाव का ठेवले असेल?
५. आपल्या घरात किंवा नात्यात कोणी धरणामुळे गाव सोडून आले आहे का? त्यांच्याजवळ बसून जुन्या गावाची माहिती विचारा, वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.