डाउनलोडमध्ये राहिलेली लेक

"काकू, आत्ताच पाठवलंत ना?" झेरॉक्सवाल्या पोराने विचारलं. अकरावीच्या प्रवेशाची धांदल, माझ्यामागे सात-आठ पालक ताटकळत उभे. लेकीचं आधार मी त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं, चुकून जरा जास्तच खाली गेला आणि तिथे मला माझीच लेक दिसली. दहावीच्या फॉर्मच्या वेळी पाठवलेल्या आधारवरची, घट्ट दोन वेण्यांतली. तिच्या शेजारी कुणाकुणाची पॅन कार्डं, पासबुकांची पहिली पानं, कुण्या आजोबांचा सातबारा. पोरगा गुणी आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. पण कुणीही येऊन बसावं असा तो उघडा काँप्युटर. बाई माणूस दाराची कडी तीनदा तपासते, आणि लेकीचं आधार वर्षभर नाक्यावर ठेवून येते. ती बाई मीच.

पालकहो, घाबरवायचं नाहीये मला. नुसत्या आधार क्रमांकाने खात्यातले पैसे निघत नाहीत, त्याला ठसा किंवा ओटीपी लागतो. पण चोराला आपली सगळी माहिती एका जागी कुठे हवी असते? जन्मतारीख इथून, पत्ता तिथून. बोर्डाचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं, आणि आईचं नाव बँकाही ओळख पटवायला विचारतात. निकालाच्या दिवशी आपण काय करतो? अख्खी गुणपत्रिका स्टेटसला! मग 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याने जन्मतारखेसकट सगळं बरोबर सांगितलं की आपणच पाघळतो आणि उरलेला ओटीपी देऊन टाकतो.

ठशाचंही तसंच. देशात काही ठिकाणी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून त्यांचे रबरी ठसे केले आणि लोकांची खाती रिकामी केली, असे गुन्हे नोंदले गेले आहेत. यावर उपाय फुकट आहे. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा उघडा. गावी सासूबाईंचं लॉक करून दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता माझा अंगठा तिजोरीत?" मला यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं.

पाचव्या वर्षी मुलांचे ठसे आधारसाठी पहिल्यांदा द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. त्या खेपेला एक गोष्ट आवर्जून बघा: आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? अनेक घरांत तो बाबांचा जुना, केव्हाच बंद केलेला नंबर निघतो. बंद नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या लेकराचा ओटीपी परक्याच्या खिशात वाजणार.

अठरा पूर्ण झाली की मुलं स्वतः सिम घ्यायला जातात. दुकानदार म्हणतो, "ठसा नीट आला नाही, परत ठेव." कधी तो खरंच आलेला नसतो. कधी मात्र दुसऱ्या ठशावर दुसरं सिम निघतं. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, आणि जो आपला नाही तो तिथल्या तिथे कळवता येतो. मुलांना शेजारी बसवूनच बघा, त्यांना आपल्यापेक्षा लवकर सापडतं. आणि पैसे गेलेच, तर आधी कुणाची चूक हे ठरवत बसू नका, 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवायचे तर एकेक मिनिट मोलाचं. पोरं आपल्या ओरडण्याला भिऊन दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत, खरं नुकसान तिथे होतं.

त्या दिवशी मी पोराकडून फाइल पुसून घेतली, रिसायकल बिनमधूनही. आता आधारच्या साइटवरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढते. जिथे पूर्णच लागते, तिथे झेरॉक्सवर आडवं लिहिते: 'फक्त अकरावी प्रवेशासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून थोडी जाऊ द्यायची, कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापता येतं.

त्या दिवशी काउंटरवरच असं लिहीत होते, तर मागचे गृहस्थ डोकावून म्हणाले, "असं चालतं होय?" चालतं, म्हटलं. त्यांनी पेन मागितलं. त्यांच्याकडून पुढच्या बाईंनी घेतलं, बाईंकडून आणखी कुणी. पेन काही परत आलं नाही.