वय मोजण्याची रीत

शाळेंत नांव घालतांना जन्मतारीख लिहावी लागते. आमच्या धाडसारख्या गांवीं एखादी आजी अजूनही “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं झाला” असें सांगते. परंतु दाखल्यावर इंग्रजी तारीखच लागते. तीच पुढें परीक्षा, नोकरी व निवृत्ति यांपर्यंत मुलाची सोबत करिते.

हल्लीं शाळेचें जनरल रजिस्टर संगणकांतही ठेवितात. १९७० सालीं एडगर कॉड या इंग्रज संशोधकानें माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवावी, असा विचार मांडला. अशा संग्रहास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्यास प्रश्न विचारण्याची भाषा ती एसक्यूएल. तिच्यांत तारखांचा हिशेब करणारीं तयार फंक्शनें असतात. तीं वापरण्यापूर्वीं पारखून घ्यावीं, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

३१ डिसेंबर २०१९ रोजीं जन्मलेलें मूल १ जानेवारी २०२० रोजीं केवढें? तुम्ही म्हणाल, एका दिवसाचें. परंतु ‘एसक्यूएल सर्व्हर’मधील ‘डेटडिफ’ या फंक्शनास वर्षांचें अंतर विचारलें, तर तें १ असें उत्तर देतें! त्याची चूक नाहीं. वर्षाची सीमा किती वेळां ओलांडली, एवढेंच तें मोजतें. आपला प्रश्न मात्र पूर्ण वर्षांचा आहे.

म्हणून आपलें फंक्शन आपणच लिहावें. रीत सोपी आहे. प्रथम दोन सालांची वजाबाकी करावी. त्या सालचा वाढदिवस अद्यापि यावयाचा असल्यास १ कमी करावा. जन्म १५ ऑगस्ट २०१८ व मोजण्याचा दिवस १५ जून २०२५ असेल, तर ७ वजा १, म्हणजे ६ वर्षें पूर्ण.

आतां खरी अडचण. २९ फेब्रुवारीस जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस साध्या वर्षीं कोणता मानावा? २८ फेब्रुवारी कीं १ मार्च? यंत्र हें आपण होऊन ठरवीत नाहीं. तें माणसांनीं ठरवावें, लिहून ठेवावें व फंक्शनांत एकाच ठिकाणीं घालावें. म्हणजे कारकून बदलला, यादी बदलली, तरी प्रत्येक मुलास तोच न्याय मिळेल.

पालकांस एक विनंति. फंक्शन कितीही निर्दोष असलें, तरी चुकीच्या तारखेवरून तें चुकीचेंच वय काढील. यास्तव तारीख अंदाजानें न सांगतां जन्माचा दाखला पाहूनच लिहवावी.

अभ्यास : जन्म २९ फेब्रुवारी २०१६. तर २८ फेब्रुवारी २०२३ रोजीं वय किती? दोन्ही नियमांनीं उत्तर काढा, आणि कोणता नियम तुम्हांस न्याय्य वाटतो तें कारणासह लिहा.