ध्वनींचे नियम : प्रतिष्ठान, पाणी आणि सोनें

आमच्या शहागडापासून गोदावरीच्या कांठानें वर गेलें म्हणजे पैठण लागतें. ह्या नगराचें जुनें नांव प्रतिष्ठान. ‘प्रतिष्ठान’चें ‘पैठण’ कसें झालें, असें विद्यार्थ्यांस विचारलें तर बहुतेक जण सांगतात कीं, अडाणी लोकांना जोडाक्षरें उच्चारतां येत नव्हतीं, म्हणून त्यांनीं शब्द मोडला. हें उत्तर इतकें रूढ आहे कीं, त्याविषयीं कोणास शंकाहि येत नाहीं. परंतु गेल्या दोनशे वर्षांतील भाषेचा शास्त्रीय अभ्यास ह्या समजुतीच्या अगदीं विरुद्ध साक्ष देतो. शब्द बदलतात ते कांहीं नियमांनीं बदलतात. ते नियम कोणते, ते कसे ओळखावे आणि ते समजल्यानें आपला लाभ कोणता, याचा थोडा विचार ह्या लेखांत करूं.

प्रथम कांहीं सोपे शब्द घेऊं. संस्कृतांत सप्त, हस्त, कर्ण, अद्य, कर्म व दुग्ध असे शब्द आहेत. महाराष्ट्री प्राकृतांत त्यांचीं रूपें सत्त, हत्थ, कण्ण, अज्ज, कम्म व दुद्ध अशीं होतात. आणि मराठींत तेच शब्द सात, हात, कान, आज, काम व दूध या रूपांनीं आपण रोज वापरतों. सहाहि शब्दांची वाट एकच आहे. पहिल्या टप्प्यांत जोडाक्षरांतील दोन निराळीं व्यंजनें एकमेकांसारखीं झालीं. दुसऱ्या टप्प्यांत त्या जोडीपैकीं एक गळालें आणि त्याची भरपाई म्हणून मागील स्वर दीर्घ झाला. निष्काळजीपणानें शब्द बिघडले असते तर प्रत्येक शब्द आपापल्या परीनें बिघडला असता. येथें तर सगळे एका रांगेंत चालले आहेत.

दुसरा नियम असा. दोन स्वरांच्या मध्यें एकटेंच सांपडलेलें क, ग, च, ज, त, द यांसारखें व्यंजन प्राकृतांत बहुधा लोप पावतें. म्हणून मातेची माय झाली, पादाचा पाय झाला, सूचीची सुई झाली आणि राजाचा राय झाला. त्याच जागीं ख, घ, थ, ध, भ यांपैकीं एखादा महाप्राण वर्ण असला, तर मागें नुसता ह उरतो : दधि–दहीं, बधिर–बहिरा, गभीर–गहिरा.

आतां पुन्हां प्रतिष्ठानाकडे वळूं. आरंभींच्या ‘प्र’ मधील र गेला व प राहिला. ‘ति’ मधील त दोन स्वरांच्या मध्यें असल्यामुळें लोपला आणि इ उरली. ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ झाला. शेवटच्या एकट्या न चा ण झाला. ‘पइट्ठाण’ हें प्राकृत रूप अशा रीतीनें सिद्ध झालें. पुढें अ आणि इ मिळून ऐ झाला, जोडीचा ठ एकटा राहिला, ‘ठा’चा आ ऱ्हस्व झाला आणि ‘पैठण’ हें नांव आपल्यापर्यंत आलें. ह्यांतील एकहि अक्षर कोणाच्या लहरीनें बदललेलें नाहीं.

ह्या प्रवासाचे साक्षीदार परके लोक आहेत, हें आपलें भाग्यच म्हणावयाचें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबडा समुद्र व हिंदी महासागर यांतील व्यापाराची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या पुस्तकांत ‘पैथान’ हें नगर भडोचपासून दक्षिणेस सुमारें वीस दिवसांच्या वाटेवर, आणि ‘तगर’ हें नगर तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी ह्या भूगोलवेत्त्यानें पैठणचें नांव ‘बैथान’ असें नोंदविलें. ग्रीक वर्णमालेंत ट-वर्ग नाहीं, म्हणून ठ च्या जागीं थ आला. परंतु ‘प्र’ मधील र आणि स्वरांमधील त त्यांत नाहींत, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. म्हणजे सातवाहनांच्या काळींच लोकांच्या तोंडीं प्राकृत रूप रुळलेलें होतें. उलट ‘तगर’ म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. त्यांतील ग त्या व्यापाऱ्यानें लिहिला आहे, तो पुढें लोपला. सर्व शब्द एकाच दिवशीं बदलत नाहींत, हेंहि यावरून दिसतें. हालाच्या गाथासप्तशतींत तर आपली गोदावरी ‘गोला’ या नांवानें भेटते.

ज्या ग्रीकांनीं आपल्या नगरांचीं नांवें टिपून ठेविलीं, त्यांची भाषा ही संस्कृताची दूरची बहीण आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या, असें मत मांडलें. पुढें १८७८ सालीं जर्मनींतील ऑस्टहोफ व ब्रुगमान या विद्वानांनीं ध्वनिनियमांना अपवाद नसतो, असा सिद्धांत जाहीर केला. जेथें अपवाद दिसेल तेथें दुसरा एखादा नियम, उसना घेतलेला शब्द किंवा इतर शब्दांच्या सादृश्यानें झालेला फेरफार शोधावा, असा त्या सिद्धांताचा इत्यर्थ आहे.

ग्रीक भाषेचे तीन नियम आपल्याला सहज समजण्यासारखे आहेत. पहिला, शब्दाच्या आरंभीं स्वरापूर्वीच्या स चा ह होतो : आपले ‘सप्त’ तें त्यांचें ‘हेप्ता’, आपलें ‘सर्पामि’ (मी सरपटतों) तें त्यांचें ‘हेर्पो’. दुसरा, व लोपतो : आपला ‘नव’ तो त्यांचा ‘नेओस’. तिसरा, घ, ध, भ यांचे ख, थ, फ होतात : आपलें ‘भरामि’ तें त्यांचें ‘फेरो’, आपला ‘भ्राता’ तो त्यांचा ‘फ्रातेर’. दुसऱ्या नियमाचा पुरावा मागाहून हातीं आला तो मोठा रम्य आहे. १९५२ सालीं मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज गृहस्थानें क्रीट बेटांत व ग्रीसमध्यें सांपडलेल्या तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांची लिपि उलगडली. त्या पाट्यांवर व लिहिण्यासाठीं निराळीं चिन्हें आहेत आणि ‘नवा’ ह्या अर्थाच्या शब्दांत तो व शाबूत आहे. इतकेंच नव्हे, तर आपलें ‘च’, ग्रीकांचें ‘ते’ आणि लॅटिनमधील ‘क्वे’ हीं तिन्ही अव्ययें ‘क्व’ अशा एका जुन्या ध्वनीपासून निघालीं असलीं पाहिजेत, असें पंडितांनीं नुसत्या गणितानें ठरविलें होतें. त्या पाट्यांवर हें अव्यय त्या ध्वनीच्याच चिन्हानें लिहिलेलें आढळलें. जमिनींतून वस्तु निघण्यापूर्वीच नियमानें ती ओळखलेली होती.

आतां एक कल्पनेचा खेळ करूं. असें समजा कीं, गोदातीरीं एक अशी जमात राहत होती कीं, जिची भाषा संस्कृत, पण जिची जीभ ग्रीकांची. वरील तीन नियम लावून तिचे शब्द आपणच घडवूं. सप्त–हप्त, सर्प–हर्प, नव–नअ, भ्राता–फ्राता, धूम–थूम. ही भाषा कोणीं कधीं बोललेली नाहीं. तरी ती ऐकतांना खरी वाटते, कारण तिला नियम आहेत. आणि गंमत अशी कीं, तिच्यांतील पहिला शब्द आपल्या घरांत आधींच येऊन राहिलेला आहे. इराणी भाषांतहि स चा ह होतो. म्हणून ‘सप्त’चें फारसींत ‘हफ्त’ झालें, सात दिवसांचा तो ‘हफ्ता’, आणि तोच मराठींत ‘हप्ता’. सात, सप्ताह आणि हप्ता हे तिन्ही शब्द एकाच घराण्यांतील असून तीन वाटांनीं आपल्याकडे आले आहेत. ‘सिंधु’पासून ‘हिंदु’ हा शब्द झाला तो याच नियमानें.

आमच्या शहागडाच्या नांवांतहि असाच इतिहास लपलेला आहे. फारसी ‘शाह’ हा शब्द प्राचीन इराणींत ‘ख्शायथिय’ असा असून त्याचा अर्थ राजा. आपल्या ‘क्षत्र’ शब्दाच्या मुळाशीं त्याचें नातें आहे. आरंभींच्या ‘ख्श’चा तेथें श झाला. इकडे मराठींत ‘क्षेत्र’चें प्रथम ‘छेत्त’ आणि मग ‘शेत’ झालें. शहा इराणांतून आला, शेत येथलेंच. पण दोघांच्याहि आरंभींचा श एका जुन्या जोडाक्षरांतूनच निघालेला आहे.

येथवर परक्यांच्या भाषा पाहिल्या. आतां विद्यार्थ्यांच्या अगदीं नित्याच्या अडचणीकडे येऊं. आमच्या भागांतील कित्येक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’, ‘लोणी’ला ‘लोनी’ व ‘माणूस’ला ‘मानूस’ म्हणतात. अशा घरांतील मुलाला शुद्धलेखनांत न कोठें व ण कोठें, हें कळत नाहीं. संस्कृताच्या आधारानें लिहावें म्हटलें तर घोटाळा वाढतो. कारण संस्कृतांत ‘पानीय’ असतां आपण ‘पाणी’ लिहितों, आणि संस्कृतांत ‘सुवर्ण’ असतां आपण ‘सोनें’ लिहितों! पहिल्यांत न चा ण झाला, दुसऱ्यांत ण चा न झाला. ही मनमानी नव्हे काय?

ती मनमानी नव्हे. दोन स्वरांच्या मध्यें एकटा असलेला न मराठींत ण होतो : पानीय–पाणी, नवनीत–लोणी, मनुष्य–माणूस, खनि–खाण, जानाति–जाणणें. उलट जोडाक्षरांतून आलेला, म्हणजे प्राकृतांत जोडीचा किंवा ह च्या संगतीचा झालेला ण, मराठींत न होतो : सुवर्ण–सोनें, कर्ण–कान, पर्ण–पान, अरण्य–रान, उष्ण–ऊन. तेव्हां एकट्याचा ण आणि जोडीचा न, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुष्कळ काम भागतें. मात्र मान, दान, धन, गुण असे जे शब्द संस्कृतांतून जसेच्या तसे घेतलेले आहेत, त्यांस हा नियम लावूं नये. ते नंतर आलेले पाहुणे आहेत. घरांतील जुन्या चाली त्यांना लागू नाहींत.

स आणि श यांचीहि अशीच गोष्ट आहे. सीव्यति–शिवणें, सिंदूर–शेंदूर, येथें इ किंवा ए पुढें असल्यामुळें स चा श झाला. श्वश्रू–सासू, शून्य–सुना, येथें इतर स्वर पुढें असल्यामुळें श चा स झाला.

मराठीच्या जडणघडणीचे हे नियम शोधण्यांत दोन विद्वानांचे श्रम विशेष स्मरणीय आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ सालीं मुंबईस विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्यानें देऊन संस्कृतापासून देशी भाषांपर्यंतचा मार्ग दाखविला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवर आपला प्रबंध १९१४ सालीं सिद्ध केला, आणि एका परक्या माणसानें आमच्या बोलीचें एकेक अक्षर पारखून दाखविलें.

ह्या सर्व विवेचनांतून एक गोष्ट पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं विशेषेंकरून मनांत धरावी. ‘पानी’ म्हणणारें मूल ‘लोनी’, ‘मानूस’ आणि ‘जाननें’हि म्हणतें; म्हणजे तेंहि नियमानेंच बोलतें. त्याच्या आजीच्या बोलींत प्रत्येक ण चा न होतो, आणि हा नियम ‘हस्त’चा ‘हात’ करणाऱ्या नियमाइतकाच प्रामाणिक आहे. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतों तें ‘सात’ आणि तें ‘पैठण’ हीं रूपें एके काळीं पंडितांच्या कानांना अशींच खटकलीं असतील. कित्येक मुलें हंसें होईल या भीतीनें वर्गांत तोंडच उघडीत नाहींत. ज्याला बोलावयाची लाज वाटते तो लिहावयास कसा शिकणार? म्हणून त्यांच्या बोलीस कोणीं हंसूं नये.

परंतु याचा अर्थ शाळेंतील भाषा शिकूं नये, असा मुळींच नाहीं. निरनिराळ्या जिल्ह्यांतील लोकांनीं एकमेकांचें लिखाण वाचावें, अर्ज, पुस्तकें व पत्रें सर्वांना सारखीं समजावीं, यासाठीं लेखनाची एक ठरलेली रीत असावी लागते. ती रीत मान्य करणें म्हणजे घरची भाषा टाकणें नव्हे. गोदावरीच्या पलीकडे जाणारा मनुष्य पूल ओलांडतो, म्हणून कांहीं अलीकडचें गांव त्याला परकें होत नाहीं. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ लिहावयास शिकवितांना ‘तूं चुकलास’ एवढेंच न सांगतां नियम सांगावा. नियम समजला म्हणजे अक्षर लक्षांत राहतें, आणि घरच्या माणसांविषयींचा आदरहि राहतो.

अभ्यासासाठीं पुढील गोष्टी कराव्या.

१. अष्ट, रात्रि, सूत्र, पृष्ठ, अग्नि या शब्दांचीं मराठी रूपें सांगा, आणि मधल्या टप्प्यांत कोणतें व्यंजन जोडीचें झालें असेल तें लिहा.

२. वर सांगितलेल्या काल्पनिक भाषेंत ‘नभस्’ या शब्दाचें रूप काय होईल? शब्दाच्या शेवटचा स ग्रीकमध्यें टिकतो, हें ध्यानांत ठेवावें. आपलें उत्तर ‘मेघ’ ह्या अर्थाच्या ‘नेफोस’ या ग्रीक शब्दाशीं ताडून पाहावें.

३. घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसून त्यांच्या बोलण्यांतील असे वीस शब्द टिपावे, जे पुस्तकांत निराळे लिहिले जातात. ते शब्द गटांत मांडून त्यांत कोणता नियम दिसतो तें शोधावें. हें टिपण करतांना एकहि शब्द दुरुस्त करूं नये. जसा ऐकला तसाच लिहावा. भाषेचा इतिहास अशाच टिपणांतून उभा राहतो, आणि तीं टिपणें करण्यास शहागडाहून अधिक चांगलें ठिकाण शोधीत दूर जाण्याचें कारण नाहीं.